हात मागे

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या हँगरमध्ये कुणीही सांगेल. पण मास्तरांवर मी कधी चिडले नाही, कारण चिडायला त्यांनी कधी जागाच दिली नाही. एकदाच दिली, आणि तेव्हा राग यायचा सोडून मला नुसतं भरून आलं.

मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने इन्स्पेक्टर. शिकवायची हौस दांडगी, म्हणून मास्तर. आमच्या हँगरात लष्कराची विमानं दुरुस्तीला येतात आणि आमची उतरंड साधी आहे. फिटर काम करतो. इन्स्पेक्टर ते काम तपासतो, पटलं तर शिक्का मारतो, नाही पटलं तर 'नापास' म्हणतो. आणि इन्स्पेक्टर तपासतोय तो नीट तपासतोय ना, हे मी बघते. थोडक्यात, मी सासूची सासू. जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असते, ती उगीच नाही.

तपासण्याचा आमचा एक नियम आहे आणि तो मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवला. फिटरने काम संपवलं की मागे सरायचं, दोन्ही तळवे दाखवायचे आणि म्हणायचं, "हात रिकामे." मग इन्स्पेक्टरने आपले हात पाठीमागे बांधायचे आणि वाकून बघायचं. बघायचं फक्त. एखादी गोष्ट बोटभर वाकडी दिसली तरी सरळ करायची नाही. मला हे काही केल्या पटेना. मी म्हटलं, "मास्तर, सरळ केलं तर काय बिघडलं? दोन सेकंदांचं काम." ते म्हणाले, "बिघडलं काहीच नाही. पण मग ते काम तुझं झालं. आणि तुझं काम बघायला कोण उरलं?"

ते बोलणं माझ्या डोक्यात असं बसलं की आजही दुकानात वस्तू निवडताना माझे हात आपोआप मागे जातात आणि दुकानदार संशयाने बघतो.

मास्तरांचं तर विचारूच नका. घरीही तेच. काकूंची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची, आयुष्यभराची एकच तक्रार. "अगं, दूध उतू जात होतं, आणि हे हात मागे बांधून शेजारी उभे. वर मलाच हाक मारतात, 'उतू जातंय हं.' म्हटलं, अहो, हात लावा की जरा. तर म्हणतात, 'मी लक्ष ठेवलंय.'" हे सांगताना काकू त्यांची हुबेहूब नक्कल करायच्या, मान जराशी तिरकी, भुवया वर. मास्तर पेपरमागून हसायचे. आम्ही सगळेच हसायचो.

त्या घरात मी पाहुणी कधीच नव्हते. माझी आई लवकर गेली. बाळंतपणात माझ्या उशाशी बसून होत्या त्या काकू. त्यांचा मुलगा समुद्रापार नोकरीला, तो सुट्टीला यायचा तेवढाच. त्यामुळे त्या घरातली हक्काची लेक मीच. सरळ स्वयंपाकघरात शिरायचे, झाकणं उघडून बघायचे, काकूंच्या शिव्या खायचे.

मास्तर निवृत्त व्हायला आले होते. आमच्याकडे इन्स्पेक्टर निवृत्त होतो तेव्हा त्याचा शिक्का लाकडी चौकटीत बसवून त्यालाच देतात. त्या शिक्क्यावरचा नंबर पुन्हा कुणाला मिळत नाही. तो माणूस गेला तरी नंबर त्याचाच राहतो. पण एखाद्याचा शिक्का काढून घ्यायची वेळ आली, तर तो हातोडीने मोडतात आणि नंबर पुसून टाकतात, जणू असा माणूस इथे कधी नव्हताच. काकूंनी बैठकीच्या भिंतीवर चौकटीसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. सोफ्यावर बसलं की बरोबर नजरेसमोर.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले ती निरोपाच्या भेटीचं विचारायला. मास्तरांना काय द्यावं, हे काकूंशिवाय कोण सांगणार? मास्तर फिरायला बाहेर पडले होते. काकू दिव्याखाली शिवणाचा डबा उलटा करून बसल्या होत्या, मांडीवर मास्तरांचा कामावरचा निळा शर्ट.

"ये, ये. बरी आलीस. तुझे डोळे तरुण आहेत, याच्यासारखं एक बटण शोध बघू यातून," त्या म्हणाल्या. "धुवायला टाकायच्या आधी लावून घेते, नाहीतर राहून जातं. काल कुठे अडकवून आले कोण जाणे, बाहीचं बटण तोडून आलेत. एवढे मोठे झाले, पण कपड्यांची तऱ्हा शाळेतल्या पोराची."

मी हसत शर्ट हातात घेतला. उजव्या बाहीच्या पट्टीवर तुटलेल्या दोऱ्यांचे पुंजके उभे होते. जोरात ओढ बसून तुटले होते ते. आणि पट्टीच्या आतल्या बाजूला एक तपकिरी डाग. मी तो नाकाशी नेला. विमानाच्या शेपटीत, जिथे सुकाणूचे दांडे फिरतात, तिथे एक खास ग्रीस लावतात. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला असता तर कुठे टेकले असतील म्हटलं असतं. आतल्या बाजूला तो लागायला हात चांगला कोपरापर्यंत आत घालावा लागतो.

बटण तुटलं होतं त्या जागेवर माझं बोट तसंच राहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर बटणाचं एवढं काय, असं वाटेल. आमच्या फिटरांच्या कपड्यांना बटणं नसतात. खिसे शिवून टाकलेले. अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी सगळं दाराबाहेर. प्रत्येक हत्यार फळीवर त्याच्या त्याच्या जागी टांगलेलं, एक जागा रिकामी दिसली तरी काम थांबतं. कारण विमानाच्या पोटात राहिलेली एवढीशी वस्तू कुठे जाऊन अडकेल, याचा भरवसा नाही. पण इन्स्पेक्टर मात्र साध्या शर्टात फिरतात. बटणं, खिसा, खिशाला पेन. का, तर ते हात घालतच नाहीत. त्यांनाही तसलेच कपडे द्या, म्हणून मी वरच्या साहेबांच्या मागे लागले होते. वरच्यांनी हात झटकले. आणि मास्तर मला म्हणाले होते, "अगं, ज्याने पाण्यात उतरायचंच नाही त्याला पोहायचे कपडे कशाला?"

काकूंचं बोलणं चालूच होतं. "पण काल स्वारी खूश होती हं. म्हणाले, आज एका माणसाची नोकरी वाचवली. कुणाची, ते काही सांगितलं नाही. मनगटावर हा एवढा ओरखडा, हळद लावते म्हटलं तर लावू देईनात."

कुणाची, ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे एक फिटर आहे, त्याला सगळे पैलवान म्हणतात. मनाने लोणी, पण बोटं केळ्यासारखी. शेपटीतल्या अरुंद जागेत नट सैल होऊ नये म्हणून बारीक तार पिळून बांधावी लागते, ती त्याला धड जमत नाही. वर्षात दोनदा त्याचं काम नापास झालं होतं. तिसऱ्यांदा झालं की विमानावरून काढून गोदामात, आणि पगार निम्म्यावर. आदल्या दिवशी त्याने हँगरातल्या रांगेत मधल्या विमानाच्या शेपटीतली तार बांधली होती आणि मास्तरांनी शिक्का मारला होता. मी तो शिक्का पाहिला होता. मनात म्हटलंसुद्धा होतं, चला, पैलवानाला जमलं एकदाचं.

आणि ते विमान सकाळी उडणार होतं.

"काय गं, पांढरीफटक का पडलीस?" काकूंनी विचारलं. तेवढ्यात दारात चपला वाजल्या आणि मास्तर आत आले. माझ्या हातातला शर्ट त्यांनी पाहिला, माझं बोट बाहीवर कुठे आहे ते पाहिलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका बघितलेला माणूस. त्याला वेगळं काय सांगायचं?

"तार सैल होती?" मी विचारलं.

"हो."

"मग नापास म्हणायचं होतं."

"म्हणणारच होतो. त्याने तळवे दाखवले ना, तर ते थरथरत होते. मी म्हटलं, जा, जरा पाणी पिऊन ये. आणि मी बांधली." ते खाली बसले नाहीत. "तार चांगली बांधली गेलीय गं. त्याची काळजी नको."

"तारेची काळजी मला नाहीच, मास्तर. बटण कुठे आहे?"

त्यांनी बाहीकडे पाहिलं. त्यांना ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं. रस्त्यात पडलं असेल, असं काहीतरी ते पुटपुटले. मग म्हणाले, "पहाटे मी लवकर जातो. झाकण उघडून स्वतः बघून घेतो. गवगवा कशाला?"

"म्हणजे परत हात घालणार? परत एकट्यानेच?"

 काकू माझ्याकडे बघत होत्या, त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांच्या घरात असं कोरडं बोलणं कधी झालं नव्हतं. "अहो, एका बटणावरून काय चाललंय तुमचं?" त्या म्हणाल्या. 

फोन कोपऱ्यातल्या टेबलावर होता. मी तो उचलून मास्तरांच्या पुढ्यात आणून ठेवला. आमच्याकडे नियम आहे, माणसाने आपली चूक आपल्या तोंडाने सांगितली तर शिक्का काही दिवस काढून घेतात, मोडत नाहीत. दुसऱ्याने सांगितली तर मोडतात. हे मास्तरांनीच मला शिकवलेलं. मी म्हटलं, "तुम्ही करा फोन. मी इथे आलेच नव्हते असं समजा. तुम्हीच सांगा, विमान थांबवा म्हणून."

ते फोनकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उचलतील. माझा सगळा जीव त्या एका गोष्टीत गोळा झाला होता. त्यांनी वर बघितलं, भिंतीवरच्या खिळ्याकडे, मग काकूंकडे. कदाचित पैलवानही असेल मनात. फोन केला तर त्याचं नाव निघणारच होतं. आणि मग त्यांचे हात सावकाश पाठीमागे गेले. एकात एक अडकले. ते तसेच उभे राहिले, दुधापुढे उभे राहायचे तसे.

अजून थोडी थांबले असते तर त्यांनी ते हात पुढे आणले असते का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता त्याला धारच उरली नाही. पण मी थांबले होते. खूप थांबले होते. शेवटी फोन मीच उचलला आणि काकूंच्या देखत सांगितलं की मधलं विमान रोखा, शेपटीत वस्तू पडल्याचा संशय आहे. कुणाची, असं पलीकडून विचारलं. मी मास्तरांचं नाव घेतलं.

काकूंच्या मांडीवरून बटणं घरंगळत जमिनीवर गेली. ती उचलायला मी वाकले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे."

सकाळी हँगरात मधल्या विमानाच्या शेपटीची झाकणं काढून चादरीवर मांडली होती. फिटर आरसे आणि टॉर्च घेऊन लागले होते. मास्तर लांब बाकावर बसले होते. त्यांनी लपवलं काहीच नाही. कुठून हात घातला, कोपर कुठे टेकलं, सगळं सांगितलं. फक्त एवढंच म्हणाले की पैलवानाचा यात दोष नाही, त्याला मी लांब पाठवलं होतं. पैलवान एका खांबाला टेकून भल्यामोठ्या हातांनी तोंड झाकून उभा होता.

बटण सापडेना. जिथे असायला हवं तिथे नाही, जिथे असू शकतं तिथे नाही. ऊन आत आलं तशी माणसं वैतागली. वैमानिकांचे साहेब येरझाऱ्या घालत होते. त्यांचं सगळं वेळापत्रक आमच्यामुळे कोलमडलं होतं, आणि ते त्यांनी मला ऐकवलंही. "मॅडम, बटण रस्त्यात कुठेतरी पडलं असणार. तुम्ही काय सगळं विमान सुटं करणार का?" मी म्हटलं, "हो." त्यांनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात फाटकावरून निरोप आला. मास्तरांच्या घरून कुणीतरी आलंय, बटण घेऊन.

मी, मास्तर आणि ते साहेब, तिघंही फाटकाजवळच्या खोलीत गेलो. काकू उभ्याच होत्या. धावत आल्या असाव्यात, केस सुटलेले, पदराने घाम पुसत होत्या. आम्हाला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

"सापडलं," त्या म्हणाल्या. "शिवणाच्या मशीनखाली गेलं होतं. मी म्हणत होते ना, घरातच असणार. बघा." त्यांनी मूठ उघडली. घामेजलेल्या तळव्यावर निळं बटण. "आता झालं ना? आता यांना काही करायचं नाही."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "चला, झाकणं लावायला सांगा," असं ते म्हणालेसुद्धा.

मी बटण घेतलं. घ्यायलाच नको होतं, नजर फिरवायला हवी होती. पण मी पडले सासूची सासू. बटणाच्या भोकांत दोरा होता. चांगला घट्ट, एकसारखा, चारही भोकांतून आडवा-उभा गेलेला. आणि मागच्या बाजूला तो एका रेषेत संपत होता. काल माझ्या बोटाखाली होते ते तुटलेले पुंजके मला आठवले. ओढून तुटलेलं बटण असा नीटनेटका दोरा घेऊन पडत नाही.

 खरं बोलणार होते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काकू माझ्याकडे बघत होत्या आणि त्या नजरेत सगळं होतं. माझं बाळंतपण होतं, माझी आई होती. त्यांना कळलं होतं की मला कळलंय. एक शब्द नको होता त्यांना. फक्त मी मूठ मिटायची होती. मास्तरांची चूक तशीही उघडी पडली होती, त्यांचा शिक्का या बटणाने वाचणार नव्हता, पण ते काकूंना कोण सांगणार? त्यांच्या दृष्टीने बटण मिळालं की खटला मिटला. आणि मी मूठ मिटली असती, तर तेवढ्यात विमानाची झाकणंही मिटली असती.

"दाखव," मास्तर म्हणाले.

मी तळवा पुढे केला. त्यांनी हात पाठीमागे बांधले आणि वाकले. एवढ्या वर्षांत मी त्यांना शेकडो वेळा तसं वाकताना पाहिलं होतं, पण इतका वेळ लावलेला कधी नाही. चष्मा कपाळावर सरकवला. डोळे बारीक केले. काकू पुटपुटल्या, "अहो." एवढंच. "अहो."

ते सरळ झाले. काकूंकडे बघितलं नाही. "हे डाव्या बाहीचं आहे," ते म्हणाले. "दोरा कात्रीने कापलाय. नापास."

 काकूंनी माझ्या हातातलं बटण परत घेतलं, पदराच्या टोकात बांधलं आणि त्या चालत निघून गेल्या. मास्तर खिडकीतून त्यांची पाठ बघत होते, त्या वळेपर्यंत.

खरं बटण दुपारी सापडलं. पैलवानालाच सापडलं. सुकाणूच्या दांड्याच्या बुडाशी एक खोबण आहे, तिथे ग्रीसमध्ये चिकटून बसलं होतं. आरशातही ते ग्रीसच्या गोळ्यासारखं दिसत होतं. जमिनीवर असताना तिथे ते कुणाला त्रास देणार नव्हतं. वर जाऊन वैमानिकाने नाक खाली करायला दांडा पूर्ण पुढे ढकलला असता तर ते बरोबर सांध्यात गेलं असतं आणि दांडा मागे आला नसता. बटण बाहेर आलं तेव्हा त्याच्या भोकांत एक धागाही नव्हता. आणि मास्तरांनी बांधलेली ती तार, ती मी शेवटी पाहिली. तशी सुंदर पीळ घातलेली तार मी त्या हँगरात दुसरी पाहिली नाही. पण ती कुणी तपासलेली नव्हती, म्हणून कापावीच लागली, आणि कापताना दुसऱ्या फिटरचाही हात अडखळला.

पुढचं सगळं नियमाने झालं. पैलवान गोदामात गेला. सगळ्या इन्स्पेक्टरांना बिनबटणाचे कपडे आले, तेही चक्क महिन्याच्या आत. मी वर्षानुवर्षं मागत होते तेव्हा कापड नव्हतं म्हणे. आणि मास्तरांचा शिक्का मोडला. तो मोडायचा असतो देखरेख करणाऱ्याने, म्हणजे मी. मास्तरांनी स्वतः तो ऐरणीवर ठेवला, नंबर वरच्या बाजूला, अगदी मध्यावर. मला म्हणाले, "एका घावात कर. दोनदा मारलं की कडेला उडतो." मरेपर्यंत शिकवतील ते. मी एका घावात केलं.

त्या विमानाचा वैमानिक नंतर मला उपाहारगृहात दिसला. तरणाबांड, कुणाला तरी काहीतरी सांगून खदाखदा हसत होता, चहात साखर ढवळत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगायचंही नसतं. मला वाटलं, उठून जावं आणि त्याच्या कानाखाली वाजवावी. त्याचा काय गुन्हा होता? काही नाही. तो हसत होता, एवढाच.

त्या घरी जायला मला खूप दिवस लागले. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. शेवटी एका दुपारी दार वाजवलंच. काकूंनी उघडलं, अर्धंच. त्या वाळल्या होत्या. 

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "त्या संध्याकाळी तू लेक म्हणून आली होतीस ना?"

"हो, काकू."

"मग गेलीस कोण म्हणून?"

 दारात उभी राहून मी रडले, लहान मुलीसारखी, नाक ओढत. काकू रडल्या नाहीत. पण दार उरलेलं उघडून बाजूला झाल्या. बैठकीतला तो खिळा उपटून टाकला होता. तिथे चुन्याचा ठिपका होता.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. "हे घासतायत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "भांडी घासतात, कपडे वाळत घालतात, दुधाशी उभे असतात ते पातेलं उतरवायला. आयुष्यभर म्हणत आले, हात लावा, हात लावा. आता लावतात. तर मला बघवत नाही गं."

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. मास्तर मोरीपाशी उभे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात ओले. मला बघून ते हसले. खोटं नाही, खरंच हसले. धुतलेला एक कप उजेडात धरून त्यांनी माझ्यापुढे केला.

"बघ गं. पास का?"

माझे हात आपले आपण मागे गेले. मी वाकले. कपाच्या आत, कडेच्या जरा खाली, चहाचा तपकिरी डाग तसाच होता. चांगला मोठा, दारातूनही दिसावा असा. त्यांना तो दिसत नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पास," मी म्हटलं.

माझ्या मागून काकू आल्या. त्यांनी तो कप हातात घेतला, आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.  चहा ठेवला, आणि झाल्यावर त्याच कपात ओतून मला दिला.